प्राथमिक शाळेत शरीर, सुरक्षितता आणि नाती: एका तरुण शिक्षकाला उत्तर

प्रश्न विचारणारे सर बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहेत. पहिली ते पाचवीचे वर्ग आहेत आणि दोन्ही शिक्षक पुरुष आहेत. ‘गुड टच, बॅड टच’ घ्या अशी सूचना आली, म्हणून त्यांनी सगळ्या मुलांना एकत्र बसवून मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मुलगे हसत राहिले, दोन मुली एकदम गप्प झाल्या आणि दुसऱ्या दिवशी एक आजोबा शाळेत येऊन म्हणाले, “गुरुजी, नको ते शिकवू नका.” सर विचारतात: हे नीट शिकवायचं कसं? पालकांना काय सांगायचं? ‘बाळ कुठून येतं’ असं मुलांनी विचारलं तर? पुरुष शिक्षकाने मुलींशी कितपत बोलावं? आणि एखादं मूल खरंच काही सांगू लागलं तर काय करायचं?

सर, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मूल सांगायला आलं तर आपण काय करणार हे पक्कं ठरल्याशिवाय स्पर्शाचा विषय वर्गात काढूच नये, असं माझं ठाम मत आहे. आपण म्हणतो, “कुणी त्रास दिला तर मोठ्यांना सांगा.” एखादं मूल ते मनापासून खरं मानतं आणि मधल्या सुट्टीत येऊन सांगतं. त्या वेळी आपण गडबडलो, “असं काही नसेल रे” म्हणालो किंवा “उद्या बघू” म्हणून टाळलं, तर ते मूल पुढे कितीतरी वर्षं तोंड उघडत नाही. प्राथमिकमध्ये हा विषय शिकवायचा म्हणजे आधी ऐकणारा मोठा माणूस तयार करायचा. तो माणूस तुम्ही आहात. मुलांची पाळी त्यानंतर येते.

मूल सहसा सरळ सांगत नाही. “मला त्या दादाच्या शिकवणीला जायचं नाही” म्हणतं. “माझ्या मैत्रिणीला एक जण त्रास देतो” म्हणतं. ठरावीक दिवशीच त्याचं पोट दुखतं. असं काही कानावर आलं की हातातलं काम ठेवा, त्याच्या उंचीला खाली बसा, इतर मुलांना ऐकू जाणार नाही पण दिसेल अशा जागी बसा आणि ऐका. काही वाक्यं तोंडात बसलेली असू द्या: “तू मला सांगितलंस, हे खूप चांगलं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काहीच चूक नाही. आता मी मदत मिळवतो.” “कुणालाही सांगणार नाही” असं वचन मात्र कधी देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही आणि पाळूही नये. त्याऐवजी म्हणा, “ज्यांनी मदत करायची त्यांनाच सांगेन आणि सांगण्याआधी तुला कळवेन.”

खोदून विचारू नका. कुठे, किती वेळा, मग तू ओरडली का नाहीस, तिकडे गेलीच कशाला, असे प्रश्न तपासाला मदत करत नाहीत. मुलाला मात्र वाटतं की आपणच आरोपी आहोत. “बरं, मग?” एवढं पुरे. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, सरपंच अशा प्रत्येकासमोर त्याला पुन्हा सांगायला लावू नका. मूल गेल्यावर लगेच त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा, तारीख आणि वेळ टाका. आपला अंदाज त्यात मिसळू नका.

आता कायदा. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि तो अठरा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि मुलींना सारखाच लागू होतो. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. पुरावा गोळा करणं हे आपलं काम नाही. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी कायदा आपल्याला संरक्षण देतो. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोनला पैसे पडत नाहीत. पुढचं पाऊल कळत नसेल तर तिथे विचारा. घरच्यांना हेही सांगा की मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्या गणवेशात नसतात आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ बसू शकतं. पोलीस स्टेशनच्या भीतीनेच बरीच कुटुंबं मागे सरतात, म्हणून ही माहिती फार मोलाची आहे.

गावात एक दबाव नक्की येईल: “पोरीच्या नावाचा बोभाटा होईल, गावातच मिटवा.” ज्याच्यावर आरोप आहे त्याला शाळेत बोलावून दम देणं, माफी मागायला लावणं, चार माणसांत तडजोड करणं, यातलं काहीही करू नका. त्याला सावध करण्यापलीकडे त्यातून काही होत नाही, आणि मूल त्याच गल्लीत राहत असतं. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे, हे गावकऱ्यांना शांतपणे सांगा. संशय शाळेतल्याच माणसावर असेल तर सगळ्यात कठीण असतं, पण नियम तोच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शिशुवर्गातल्या दोन मुलींच्या बाबतीत जे घडलं, त्यानंतर लोक रस्त्यावर का उतरले ते आठवा. अत्याचाराचा संताप होताच. दखल घ्यायला झालेल्या उशिराचाही होता.

तुमच्या त्या दोन मुलींबद्दल. त्या गप्प झाल्या याचा अर्थ काहीतरी घडलंच आहे असं नाही. कदाचित मुलगे हसले म्हणून त्यांना लाज वाटली असेल. त्यांना बाजूला घेऊन प्रश्न विचारू नका. पण पुढचे काही आठवडे त्यांच्यावर लक्ष असू द्या: जेवण, हजेरी, घरी जायची टाळाटाळ, एखाद्या माणसाला बघून आक्रसणं. आणि सगळ्या वर्गाला उद्देशून पुन्हा पुन्हा म्हणा, “कुणाला माझ्याशी एकट्याने बोलायचं असेल तर मी सुट्टीत ओट्यावर असतो.” एवढ्याने बऱ्याच मुलांना वाट सापडते.

आता शिकवण्याकडे येऊ. स्पर्श हा या विषयाचा पहिला धडा नाही. तो तिसरा-चौथा असावा. सुरुवात भावनांपासून करा, आणि तीही परिपाठात. रोज दोन मिनिटं, “आज मला कसं वाटतंय” हे तीन मुलांनी सांगायचं. पहिलीच्या मुलाकडे ‘छान’ आणि ‘नाही छान’ एवढेच दोन शब्द असतात. महिन्याभरात राग, भीती, लाज, कंटाळा, मत्सर, धाकधूक, एकटं वाटणं असे शब्द त्याच्या तोंडी येऊ लागतात. मुलग्यांना आवर्जून बोलतं करा. “मुलगा असून रडतोस काय” हे वाक्य तुमच्या शाळेच्या आवारात कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका, पोषण आहाराच्या ताईंच्याही नाही. ज्या मुलाला भीती वाटते असं म्हणायची सवय आहे, तेच वेळ आल्यावर “मला त्याची भीती वाटते” असं म्हणू शकतं.

दुसरी पायरी ‘नाही’ म्हणण्याची. इथे आपल्याला स्वतःकडे बघावं लागतं. आपण वर्षभर शिकवतो की मोठ्यांचं ऐकावं, उलट बोलू नये, आणि एका तासात सांगतो की मोठ्यांना नाही म्हण. मुलाने यातलं काय धरायचं? म्हणून ‘नाही’चा सराव छोट्या गोष्टींत हवा. खेळात कुणाचा हात धरायचा नसेल तर नाही म्हणता येतं. आपला डबा दुसऱ्याला द्यायचा नसेल तर नाही म्हणता येतं. समोरच्याने नाही म्हटलं की आपण थांबायचं, हे त्याहून महत्त्वाचं, आणि हे मुलग्यांना पहिलीपासून शिकवावं. शिक्षक म्हणून आपणही गालगुच्चा घेणं, वेणी ओढणं, कौतुकाने मांडीवर बसवणं बंद करायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातलीच आहे. पण माझा मुद्दा शिक्षेपुरता नाही. ज्या शाळेत मोठ्या माणसाने विचारल्याशिवाय अंगाला हात लावलेला चालतो, त्या शाळेत स्पर्शाचा धडा मुलांना पटत नाही. पाठ थोपटायची असेल तरी विचारा: “टाळी देऊ?” मुलं हे फार पटकन उचलतात आणि एकमेकांना विचारू लागतात.

घरी काय होतं हेही पालकांशी बोला. पाहुणे आले की “मामाला पापी दे” म्हणून मूल पुढे ढकललं जातं, त्याने अंग चोरलं तर त्याला लाजरं म्हणतात. नमस्कार करणं, हात हलवणं, पाणी आणून देणं यानेही मान राखला जातो. हे आई-वडिलांना सांगितलं की बहुतेकांना पटतं, कारण त्यांच्यातल्या अनेकांना स्वतःचं लहानपण आठवतं.

तिसरी पायरी शरीराच्या अवयवांची नावं. पहिली-दुसरीत फरशीवर खडूने मुलाच्या आकाराची मोठी बाह्यरेषा काढा आणि डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव विचारत जा. नाक, खांदा, कोपर, पोट, आणि त्याच सुरात, आवाज न बदलता, छाती, शूची जागा, शीची जागा, मांडी, गुडघा. तुमचा आवाज खाली गेला की मुलांना कळतं की इथे काहीतरी घाण आहे. मुलं हसतील. हसू द्या, रागावू नका. “नवीन शब्द ऐकला की हसू येतं, होतं असं. चला पुढे,” म्हणा आणि पुढे जा. तिसऱ्या वेळेला हसणं आपोआप संपतं. चौथी-पाचवीत शिश्न, वृषण, योनी, स्तन हे शब्द द्या. घरोघरी या अवयवांना वेगवेगळी लाडाची नावं असतात आणि ती त्या घराबाहेर कुणाला कळत नाहीत. मुलाने परक्या माणसाला, डॉक्टरांना किंवा पोलिसांना सांगायचं झालं तर समोरच्याला समजेल असा शब्द त्याच्याकडे हवा. खाजताना, जळजळताना, जंत झाल्यावरही त्याला हेच शब्द लागतात.

यानंतर स्पर्श. ‘चांगला’ आणि ‘वाईट’ अशी विभागणी मला अपुरी वाटते, कारण मूल ती अनुभवावर लावतं. इंजेक्शन दुखतं, मग ते वाईट का? एखाद्याने गोंजारत, खाऊ देत केलेला स्पर्श दुखत नाही, मग तो चांगला का? आणि वाईट स्पर्श झाला म्हणजे मी वाईट, असंही काही मुलं धरून चालतात. त्यापेक्षा सुरक्षित आणि असुरक्षित म्हणा आणि नियम साधा ठेवा: चड्डीच्या आणि बनियनच्या आत जे झाकतो ते खासगी. ते स्वच्छ ठेवायला किंवा आजारी असताना तपासायलाच कुणी हात लावू शकतं. डॉक्टर असतील तर आई-बाबा किंवा घरचं माणूस सोबत हवं आणि का तपासतायत ते सांगायला हवं. कुणी तुझे खासगी अवयव बघणं, तुला त्यांचे दाखवणं, तसले फोटो किंवा व्हिडिओ दाखवणं, तुझा फोटो काढणं, हेही नियमाबाहेरचं. यात मोबाइलचा भाग आता विसरून चालत नाही. तिसरीतलं मूलही भावाच्या फोनवर गेम खेळताना अनोळखी माणसाशी बोलत असतं.

मुलांना सांगायचं राहून जातं ते एक वाक्य: ओरडायला, पळायला जमलं नाही तरी चूक तुझी नाही. भीतीने अंग गोठतं, मोठ्यांचंही गोठतं. जे व्हिडिओ फक्त “नाही म्हणा, पळा, सांगा” एवढंच शिकवतात, ते बघून ज्या मुलाला पळता आलं नव्हतं ते आणखी गप्प होतं. आणि नंतर, कितीही उशिरा सांगितलं तरी चालतं, हेही सांगा.

अनोळखी माणसाची भीती घालण्यावर वेळ घालवू नका. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक त्रास सांगितला होता. त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होतं. त्रास देणारी बरीच माणसं ओळखीची, विश्वासातली होती. पॉक्सोखाली नोंदवलेल्या गुन्ह्यांची आकडेवारीही दरवर्षी हेच दाखवते. त्यामुळे “अनोळखी काकांकडून चॉकलेट घेऊ नको” एवढ्यावर थांबलो तर मुलाला खऱ्या धोक्याविषयी काहीच कळत नाही. आणि हे सगळं फक्त मुलींना वेगळं बसवून सांगितलं, तर जवळपास निम्मी मुलं बाहेरच राहतात.

ओळखीच्या माणसाचं हत्यार असतं गुपित. म्हणून ‘गंमत’ आणि ‘गुपित’ यांतला फरक शिकवायला मी पूर्ण तास देते. आईच्या वाढदिवसाला बाबांनी आणलेली साडी लपवून ठेवली, ही गंमत. ती कधी उघडायची हे ठरलेलं असतं आणि उघडल्यावर सगळे हसतात. जे कधीच कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर आई रागावेल, बाबा मरतील, तुला घराबाहेर काढतील, असं कुणी बजावतं, ते गुपित पोटात दुखवतं. तसलं गुपित ठेवायचं नसतं, शपथ घेतली असली तरी. आपल्याकडे मुलं गळ्याची शपथ, देवाची शपथ फार मनावर घेतात. तेव्हा स्पष्ट सांगा की मोठ्या माणसाने भीती घालून घ्यायला लावलेली शपथ मोडली तर कुणालाही काही होत नाही. हे सांगताना एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिलाय. चौथीच्या मुलांना छोटे प्रसंग देऊन ‘गंमत की गुपित’ असं ठरवायला लावा. ती आपल्यापेक्षा बारकाईने विचार करतात.

मग पंजा. प्रत्येकाने वहीत आपला हात ठेवून पेन्सिलीने रेघ मारायची आणि पाच बोटांवर अशा पाच मोठ्या माणसांची नावं लिहायची, ज्यांना काहीही सांगता येईल. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं, कुणीतरी ऐकेपर्यंत जायचं. घरातली माणसं दोन-तीनच असावीत, बाकीची घराबाहेरची. तुमच्या भागात यावर जास्त विचार करावा लागेल. दिवाळीच्या आगेमागे निम्म्या मुलांचे आई-वडील ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल आजीजवळ, चुलत्याकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. त्याने बोटांवर आई आणि बाबा लिहिलेत, पण ते चारशे किलोमीटरवर फडात आहेत. म्हणून हा पंजा दोनदा काढा, एकदा जुलैमध्ये आणि एकदा मुकादमाची गाडी गेल्यानंतर. फडावरचा फोन नंबर मुलाच्या वहीत असू द्या आणि आठवड्यातून एकदा शाळेच्या फोनवरून बोलणं करून द्या. कुणाची बोटं रिकामी राहिली तर ते मूल तुमच्या लक्षात राहिलं पाहिजे. अंगणवाडी सेविका, आशाताई, शेजारची एखादी मावशी यांच्याशी त्याची ओळख घालून द्या आणि त्यांनाही सांगा की तुमचं नाव एका बोटावर आहे. मी ज्या ज्या बाईला हे सांगितलं, तिने ती जबाबदारी मनावर घेतली.

‘बाळ कुठून येतं’ या प्रश्नाला घाबरायचं काहीच कारण नाही. खेड्यातल्या मुलाने शेळी व्यालेली पाहिलेली असते. आपण “देवाने दिलं” किंवा “दवाखान्यातून आणलं” म्हटलं की त्याला एवढंच कळतं की सर या बाबतीत खरं बोलत नाहीत. मग ते दुसऱ्या कुणाला विचारतं, आणि हल्ली फोनला विचारतं. आधी उलट विचारा, “तुला काय वाटतं?” त्याच्या उत्तरावरून कळतं की त्याला नेमकं किती जाणून घ्यायचंय. पहिली-दुसरीला, “आईच्या पोटात गर्भाशय नावाची एक पिशवी असते, बाळ तिथे वाढतं” एवढं पुरतं. तिसरी-चौथीला, “आईच्या शरीरातलं बीज आणि बाबांच्या शरीरातलं बीज एकत्र आल्यावर बाळ वाढू लागतं. नऊ महिन्यांनी ते योनीमार्गातून बाहेर येतं, किंवा डॉक्टर पोटावर शस्त्रक्रिया करून बाहेर काढतात.” पाचवीतल्या एखाद्याने “ती बीजं एकत्र कशी येतात?” असं विचारलं तर मी सांगते, “मोठी झालेली माणसं एकमेकांच्या इच्छेने शरीराने जवळ येतात तेव्हा. हे मोठ्यांचं असतं, लहान मुलांशी असं कुणी वागलं तर तो गुन्हा आहे. सविस्तर तू मोठ्या वर्गात शिकशील.” मूल समाधानाने खेळायला जातं. जे येत नाही त्याला “मी विचारून उद्या सांगतो” म्हणा आणि उद्या खरंच सांगा.

पाळीचा विषय चौथीच्या दुसऱ्या सत्रात यायला हवा. बहुतेक मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी येते, पण नवव्या-दहाव्या वर्षी आलेल्या मुली प्रत्येक शिक्षिकेने पाहिलेल्या असतात. छातीतले बदल तर आठव्या वर्षापासून सुरू होऊ शकतात. आठच्या आत दिसले तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. पहिल्यांदा रक्त दिसल्यावर आपल्याला मोठा आजार झालाय असं मुलीला वाटणं, ही टाळता येणारी भीती आहे. एकदा मुलींशी स्वतंत्र बोला, म्हणजे त्या मोकळेपणी विचारतील. आणि एकदा मुलगे-मुली एकत्र: पाळी म्हणजे काय, का येते, डाग दिसला तर काय करायचं. काय करायचं? हसायचं नाही, ओरडायचं नाही, बाईंना किंवा सरांना हळूच सांगायचं. मुलग्यांना माहिती दिली की ते चिडवत नाहीत, उलट मदत करतात, हा माझा अनेक शाळांमधला अनुभव आहे. घरी मुलीला चार दिवस बाजूला बसवत असतील तर वर्गात त्यावर वाद घालू नका, पण रक्त घाण नसतं आणि शिवाशिवीने काही बिघडत नाही ही शास्त्रीय गोष्ट नक्की सांगा.

तुम्ही दोघेही पुरुष आहात, तर हे कुणी सांगायचं? मुलींच्या स्वतंत्र तासाला आशाताईंना किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलवा. पण एकत्र तास तुम्हीच घ्या. पुरुष शिक्षकाने पाळी हा शब्द सहज उच्चारला, तर त्या गावातल्या मुलींना आणि मुलग्यांना एक वेगळा पुरुष बघायला मिळतो. बंद खोलीत एकट्या मुलीशी बोलू नका, दार उघडं ठेवा. कपाटात पॅड, एक जादा चड्डी आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवा, आणि ते कुठे आहे हे मुलींना माहीत असू द्या, म्हणजे मागावं लागत नाही.

एक छोटी बाब, जी विचारायला शिक्षक कचरतात. पहिली-दुसरीतलं मूल वर्गात स्वतःच्या शूच्या जागेशी खेळत असतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं: खाज, ओली चड्डी, जंत, कंटाळा. सगळ्यांसमोर ओरडू नका. हातात काहीतरी काम द्या, नंतर हळूच सांगा की हे वर्गात करायचं नसतं. मात्र मूल दुसऱ्या मुलावर काही प्रकार करू पाहत असेल किंवा त्याच्या वयाला न शोभणारं तपशिलात बोलत असेल, तर ते त्याने कुठून तरी पाहिलंय किंवा सोसलंय अशी शंका घ्या.

आजोबांचं म्हणणं उडवून लावू नका. आपल्या राज्यात हा वाद जुना आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक सुरू केलं तेव्हापासून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पुढे २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी बंदी घातली, तेव्हाही आक्षेप तोच होता: लहान वयात नको ते. त्या आजोबांच्या डोळ्यांसमोर मोठ्यांच्या सिनेमातलं काहीतरी आहे, तुमचा पाठ नाही. त्यांना पाठ दाखवा. वर्गात काही घेण्याआधी पालक सभा बोलवा, तक्ते भिंतीवर लावा, जे वाक्य मुलांना सांगणार तेच पालकांना म्हणून दाखवा. सभेत मी पहिला प्रश्न विचारते, “तुमचं मूल हरवलं तर घरचा नंबर सांगू शकेल का?” सगळे हो म्हणतात. मग विचारते, “त्याला कुणी त्रास दिला तर कोणत्या शब्दांत सांगेल?” तिथे सभा शांत होते आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं.

सभेची वेळ संध्याकाळची ठेवा, नाहीतर फक्त आयाच येतात आणि घरी गेल्यावर त्यांना उत्तरं द्यावी लागतात. वडील आणि आजोबा समोर बसलेले हवेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात विषय आणि मंजुरी लिहून घ्या. सखी सावित्री समिती, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती, कागदावर असेल तर तिची खरी बैठक यासाठीच घ्या. बहुतेक घरांचा विरोध माहिती मिळाली की मावळतो. एखाद्या पालकाला तरीही नको असेल, तर त्यांच्याशी घरी जाऊन बोला. मात्र सुरक्षिततेच्या तासातून मूल वगळू नका, कारण ज्या घरात काही घडतं आहे त्या घराचाही विरोध असू शकतो.

नात्यांबद्दल वेगळा तास काढण्यापेक्षा रोजच्या भांडणांत शिकवा. कट्टी-बट्टी, एखाद्याला खेळात न घेणं, रंगावरून, जाडीवरून, जातीवरून पाडलेली नावं, हा प्राथमिकचा खरा नातेसंबंधांचा अभ्यासक्रम आहे. भांडण झालं की दोघांनाही आपली बाजू पूर्ण सांगू द्या, मधे बोलू देऊ नका, आणि मग दुसऱ्याला काय वाटलं असेल ते प्रत्येकाने सांगायचं. वेळ लागतो. गणिताचा तास कधी कधी बुडतो. बुडू द्या. झाडू मुलींनी मारायचा आणि सतरंज्या मुलग्यांनी उचलायच्या असा रिवाज असेल तर या सोमवारपासून कामाचा तक्ता बदला. व्याख्यान न देता बरंच काही शिकवून होतं.

आरोग्याचं बाकीचं, म्हणजे हात धुणं, नखं, दात, जंतनाशक गोळी, लोहाच्या गोळ्या, तुम्ही करतच असाल. त्यात फक्त स्वच्छतागृहाकडे नीट बघा. कडी लागत नसेल, पाणी नसेल, दार अर्धं तुटलेलं असेल तर मुली दिवसभर लघवी रोखून धरतात, पाणी कमी पितात आणि मग जळजळ, ताप सुरू होतो. खासगी अवयव झाकून ठेवायचे असं शिकवणाऱ्या शाळेत आडोसा हवा. संयुक्त शाळा अनुदानातून किंवा ग्रामपंचायतीकडून कडी बसवून घेणं हे या वर्षीचं पहिलं काम समजा, अगदी पालक सभेच्याही आधी.

पाचवीच्या मुलांसाठी वार्षिक परीक्षेनंतरचे दिवस राखून ठेवा. जूनपासून ती दुसऱ्या गावच्या मोठ्या शाळेत जाणार असतात. त्यांच्याशी रस्त्याबद्दल बोला: जीपमध्ये कुठे बसायचं, कुणी मुद्दाम चिकटून बसलं तर काय करायचं, लिफ्ट कुणाकडून घ्यायची नाही. मोठ्या वर्गांतली मुलं चिडवतील, सिगारेट किंवा गुटखा पुढे करतील, फोनवर काहीतरी दाखवतील, तेव्हा म्हणायची वाक्यं त्यांच्याकडून नाटकासारखी करून घ्या. पंजा नव्याने काढायला लावा, त्यात नव्या शाळेतल्या एका शिक्षकाचं नाव यायला हवं. त्यासाठी तुम्ही त्या शाळेत एकदा जाऊन या, ज्या मुलांकडे जास्त लक्ष द्यावं लागेल त्यांच्याबद्दल वर्गशिक्षकांशी प्रत्यक्ष बोला आणि शक्य असेल तर मुलांनाही एक दिवस सोबत न्या, म्हणजे त्यांना तिथलं स्वच्छतागृह कुठे आहे हेही आधीच कळेल.